मान्यखेटचा अखेरचा वारस
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



श्रवणबेळगोळला गेलेल्या यात्रेकरूंची ओढ स्वाभाविकपणे विंध्यगिरीवरील गोमटेश्वराकडे असते. समोरच्या लहान चंद्रगिरीवर फारसे कोणी रेंगाळत नाही. त्या चंद्रगिरीवर राष्ट्रकूट घराण्याच्या अखेरच्या वारसाचा, चौथ्या इंद्रराजाचा मृत्युलेख कोरलेला आहे. इ.स. ९८२ मध्ये त्याने तेथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. लेखाचा बराच भाग घोड्यावरून चेंडू खेळण्यातील त्याच्या प्रावीण्याचे वर्णन करतो. गमावलेल्या साम्राज्याच्या वारसाची ही अशी स्तुती वाचताना मन क्षणभर थबकते.

या राजाविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक अभिमानाचे : इंद्रराज सिंहासनावर टिकता, तर दक्षिणेत जैन धर्माचाच ध्वज फडकत राहिला असता. दुसरे टोचणीचे, आणि ते बहुधा बाहेरचे लोक ऐकवतात : राजे व्रतांच्या नादी लागले, म्हणून राज्ये बुडाली. जे घडले नाही त्याची कल्पना करायचीच, तर आधी घडलेल्याची खतावणी नीट तपासावी लागते.

तिसरा कृष्ण इ.स. ९३९ मध्ये मान्यखेटच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडच्या, गादीवर आला. इ.स. ९४९ मध्ये तक्कोलमच्या रणांगणात चोळ युवराज राजादित्य मारला गेला. त्याला मारणारा गंग राजा दुसरा बूतुग हा कृष्णाचा मेहुणा. आतकूर येथील शिलालेखात ही हकीगत आहे. त्याच शिळेवर बूतुगाने आपला शूर सेवक मणलेर याला दिलेल्या 'काळी' नावाच्या कुत्रीची आणि रानडुकराशी झुंजून तिला आलेल्या वीरमरणाचीही नोंद आहे. मेहुण्याच्या पराक्रमाचे मोल म्हणून कृष्णाने बनवासीसारखे प्रांत त्याला दिले. गंग-राष्ट्रकूट सोयरीक ही अशी रक्ताने बांधलेली होती.

मात्र हाच कृष्ण दुसऱ्या हाताने तर्दवाडीचा प्रांत तैलप नावाच्या सरदाराला देऊन बसला. राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात ज्या चालुक्यांना पदच्युत केले, त्यांचा वंशज म्हणवणारा हा पुरुष राजधानीपासून फार दूर नव्हता.

इ.स. ९६७ मध्ये कृष्ण वारला आणि गादी त्याचा भाऊ खोट्टिग याच्याकडे गेली. नातू इंद्र बाजूला राहिला. कल्पनेला खरा वाव आहे तो येथे. इंद्राचा मामा गंग राजा दुसरा मारसिंह त्या वेळी ऐन उमेदीत होता. नोळंबांचा काळ म्हणून त्याचे नाव गाजत होते. आजोबांच्या पश्चात नातू गादीवर बसता आणि मामाचे सैन्य पाठीशी उभे राहता, तर माळव्याचा परमार सीयक मान्यखेटापर्यंत पोहोचता ना. प्रत्यक्षात इ.स. ९७२ मध्ये त्याने राजधानी लुटली. धारानगरीच्या धनपालाने त्याच सुमारास आपल्या धाकट्या बहिणीसाठी 'पाइयलच्छी' हा प्राकृत कोश रचला आणि त्यात या लुटीचा कालनिर्देश करून ठेवला. एका घरी बहिणीसाठी शब्द वेचले जात होते, आणि दुसरे नगर धुळीला मिळत होते.

पुढचे फार भराभर झाले. खोट्टिगामागून पुतण्या कर्क आला, इ.स. ९७३ मध्ये तैलपाने त्याचा पराभव केला. त्यानंतर मारसिंहाने भाच्याला राज्याभिषेक केला. पण तेव्हा खजिना लुटलेला होता आणि मांडलिक फिरले होते. मालाविना उघडलेल्या पेढीसारखा तो अभिषेक होता. मारसिंहाने लौकरच बंकापूर येथे अजितसेन भट्टारकांच्या चरणी तीन दिवसांची सल्लेखना घेतली.

क्रम ध्यानात घ्यावा. राज्य आधी गेले, व्रत मागाहून आले. मारसिंह आयुष्यभर लढला, बूतुग लढला. व्रतांनी राज्य बुडाल्याचा आरोप निराधार आहे. ते बुडाले वारसाहक्काच्या घोळाने, उघड्या पडलेल्या उत्तर सीमेने आणि उशाशी पोसलेल्या सरदाराने.

अभिमानाचे मतही असेच तपासले पाहिजे. इंद्र टिकला असता, तर इ.स. ९८५ मध्ये चोळ गादीवर आलेल्या राजराजाला गंगवाडी गिळणे जड गेले असते, हे संभवते. मारसिंहाचा मंत्री आणि सेनानी चामुंडराय मात्र भाच्याच्या लढायांतच गुंतून पडला असता. इ.स. ९७८ मध्ये पूर्ण झालेले त्याचे पुराण आणि त्यापाठोपाठ घडलेली सत्तावन्न फूट उंचीची गोमटेश्वराची मूर्ती, यांना त्या धामधुमीत सवड मिळाली असती काय?

शिवाय तैलप जैनांचा वैरी नव्हताच. त्याच्याच सेनापतीच्या घरची सून अत्तिमब्बे. तिने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या. हस्तलिखितांच्या काळात एक हजार प्रती! पोन्न हा तिसऱ्या कृष्णाच्या काळचा कवी. म्हणजे पराभूत दरबारातला ग्रंथ विजयी दरबारातल्या एका श्राविकेने तारला. रन्नाने इ.स. ९९३ मध्ये 'अजितपुराण' रचले तेही तिच्याच आश्रयाने. मान्यखेट टिकते, तर अत्तिमब्बेला प्रती काढण्याची निकड भासली असती की नाही, कोण सांगणार? ही शंका अभिमानी मंडळींना रुचत नाही, पण टाळताही येत नाही.

हळहळ मात्र खरी होती, आणि ती केवळ जैनांची नव्हती. आज यंत्रमागांसाठी कापडबाजारात ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीजवळच्या भादाण गावचा ताम्रपट इ.स. ९९७ चा आहे. तो देणारा उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित शिवभक्त घराण्यातला. राष्ट्रकूट कोसळल्यामुळे तो स्वतः स्वतंत्र झाला होता. लाभ त्याचाच होता. तरीही त्याने त्या ताम्रपटावर आपल्या जुन्या धन्यांची वंशावळ कर्कापर्यंत कोरवून घेतली आणि तैलपाने त्यांचे राज्य नष्ट केल्याचे दुःख नोंदवले. तोवर इंद्रराजाला चंद्रगिरीवर देह ठेवून पंधरा वर्षे लोटली होती.