दिवेलागणीपर्यंतचे स्वातंत्र्य

(पालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की घरोघरी एकच विषय निघतो. मुलांना कोणत्या शिबिरात घालायचे? सकाळी पोहण्याचा वर्ग, दुपारी चित्रकला, संध्याकाळी क्रिकेटचे प्रशिक्षण. दिवसाचा प्रत्येक तास कोणाच्या तरी स्वाधीन केला जातो. मग रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच घरातील वडीलधारी मंडळी सांगू लागतात, ‘‘आमच्या लहानपणी असे काही नव्हते. सकाळी न्याहारी करून बाहेर पडायचे, भूक लागली की घरी यायचे आणि दिवेलागणीला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायची. दिवसभर कुठे होतास, असे कोणी विचारत नसे.’’ मुले निमूटपणे ऐकून घेतात आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालतात.

या आठवणीत गोडवा आहे आणि थोडी खंतही आहे. तथापि नुसत्या हळहळीने काही साधत नाही. ते बालपण खरोखरच देखरेखीवाचूनचे होते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधले, तरच त्यातले काय आजच्या मुलांना देता येईल, हे कळेल.

राज्य कोणावर?

त्या बालपणाचे विद्यापीठ म्हणजे वाड्याचे अंगण, चाळीचा चौक, देवळापुढचे पटांगण. लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या, डबा ऐसपैस, गोट्या, भोवरे असा त्याचा अभ्यासक्रम. या खेळांना पंच नव्हता आणि प्रशिक्षकही नव्हता. विटीदांडूचे नियम एका आळीत एक, तर पलीकडच्या आळीत दुसरे. म्हणून डाव मांडण्यापूर्वी वाटाघाटी होत. कोणी रडीचा डाव खेळला, तर त्याचा निवाडा मुलेच करीत. भांडण होई, कट्टी होई आणि दुसऱ्या दिवशी भिडू कमी पडतो म्हणून बट्टीही होई. समाजात राहायचे म्हणजे काय, याचे शिक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

खेळाची भाषा पाहण्यासारखी आहे. ज्याच्यावर डाव येतो, त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मराठी मुले म्हणतात. हा राजा सिंहासनावर बसत नाही. तो सगळ्यांच्या मागे धापा टाकीत धावतो. दुसरा शब्द ‘कच्चा लिंबू’. थोरल्या भावंडाचा हात धरून आलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलाला कोणी घरी पिटाळत नसे. त्याला खेळात घेत, तो पळे, लपे, ओरडे. मात्र बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. दुर्बळाला सामावून घेण्याचा हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता आणि तो मुलांना कोणी मोठ्या माणसाने समजावून सांगितला नव्हता. मुलांनी तो मुलांकडूनच घेतला होता.

दिवाळीतील किल्ल्याचेही तसेच. माती कुठून आणायची, दगड कोणी वाहायचे, बुरूज ढासळला तर पुन्हा कसा उभारायचा, हळीव किती दिवस आधी पेरायचे, हे सारे मुलांचे मुलेच ठरवीत. आता बाजारात तयार किल्ले मिळतात. ते सुबक असतात, पण कोणाचे हात मळत नाहीत.

याच मातीतल्या खेळांनी पुढे जग पाहिले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले. त्या दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु खेळ क्रीडासंकुलात पोहोचला, तेव्हा अंगणातून तो निघून गेला होता, हेही खरे.

आळीचे डोळे

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. मुले दिवसभर बाहेर असत आणि आई निर्धास्तपणे स्वयंपाकघरात वावरत असे. ती बेफिकीर होती काय? मुळीच नाही. तिचे दोन डोळे घरात असले, तरी बाहेर पन्नास डोळे होते. चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडणाऱ्या आजी, पिठाच्या गिरणीवाले, कोपऱ्यावरचे वाणी, पोस्टमन, देवळातले गुरव या सर्वांना कोणता मुलगा कोणाचा, हे ठाऊक असे. शेजारच्या काकू दुसऱ्याच्या मुलाला रागावू शकत आणि त्याचा राग त्याच्या आईला येत नसे. मुलगा झाडावरून पडला, तर तो घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचलेली असे. देखरेख होती, ती साऱ्या आळीत वाटली गेल्यामुळे मुलाला जाचत नव्हती, एवढेच.

हा विश्वास आळीपुरताही नव्हता. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली आणि पुढच्या काही दशकांत ती खेडोपाडी पोहोचली. सुट्टीत आठ-दहा वर्षांच्या मुलाला एस.टी.त बसवून ‘‘याला फाट्यावर उतरवा, मामा न्यायला येणार आहेत,’’ एवढेच वाहकाला सांगितले जाई. वाहक अनोळखी असे, तरी तो परका वाटत नसे.

आणि धीट होण्याची शिकवण तर घरातूनच मिळे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये श्यामच्या पोहण्याचा प्रसंग आहे. विहिरीला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मार देऊन पोहायला पाठविते. जी माऊली मुलाच्या मनाला इतकी जपते, तीच त्याच्या भीतीला थारा देत नाही. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. आजच्या पालकाला तो मार पटणार नाही आणि पटूही नये. पण मुलाला पाण्यापासून दूर ठेवण्यापेक्षा त्याला पोहता यावे, हा तिचा विचार मात्र जुना झालेला नाही.

मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे

येथे एक सत्य सांगितलेच पाहिजे, नाहीतर हे सारे गतकाळाचे गोडवे ठरतील. त्या काळाला काळ्या कडाही होत्या. विहिरींनी आणि नद्यांनी किती घरांतली मुले नेली, याच्या कहाण्या गावोगावी आहेत. परकर-पोलक्यातली मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचा खेळ संपे. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच ती सागरगोटे खेळलेली असे. ज्या विहिरीत पोरे सूर मारीत, तिचा काठही सर्वांना सारखा खुला नव्हता. आणि आळीचे ते पन्नास डोळे एखाद्या मुलावर होणारा अत्याचार पाहूनही कधीकधी मिटून घेतले जात. त्याविषयी बोलायला मुलाकडे शब्द नव्हते आणि ऐकायला घरात कान नव्हते. २०१२ साली बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तो उगाच नव्हे.

आजही मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले फडाच्या कडेला दिवसभर एकटीच असतात. त्यांच्यावर कोणाची नजर नसते, म्हणून त्यांचे बालपण मोकळे म्हणता येईल काय? मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे, यांत महदंतर आहे. मोकळ्या सोडलेल्या मुलाच्या पाठीशी समाज उभा असतो. वाऱ्यावर सोडलेल्याच्या पाठीशी कोणीच नसते.

गल्ल्या कशा रिकाम्या झाल्या?

हे बालपण कोणी एका दिवसात हिरावून नेले नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की रस्ते ओस पडत; पण तेव्हा निदान साऱ्या चाळीची मुले एकाच घरात दाटीवाटीने बसत. पुढे घरोघरी संच आले, नंतर प्रत्येक हातात मोबाइल आला. दरम्यान सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे स्वयंचलित दुचाकींचे झाले आणि अंगणांची वाहनतळे झाली. मुंबईतील बीडीडी चाळींचे उदाहरण बोलके आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार चालत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची नवी घरे मिळाली. स्वतःचे न्हाणीघर आणि स्वतःचे शौचालय मिळणे हा त्या माऊलींचा हक्कच होता. त्याबद्दल कोणी हळहळू नये. प्रश्न एवढाच की, खोलीबरोबर गॅलरीही गेली, ती नव्या मनोऱ्यांत कोण बांधणार?

ही व्यथा केवळ महाराष्ट्राची नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आल्याचे तेथील अभ्यासात आढळले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २०२४ मधील आपल्या ग्रंथात असे मांडले की, प्रत्यक्ष जगात मुलांना अति जपले गेले आणि आभासी जगात त्यांना पुरेसे जपलेच गेले नाही. भाजी आणायला एकट्याने न जाऊ शकणारा मुलगा मोबाइलवर मात्र साऱ्या जगात एकटा हिंडतो आहे! डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. कायदा पडदा बंद करू शकेल. बंद झालेली गल्ली कोणताही कायदा उघडू शकत नाही.

वडगावचा भोंगा

मग ती उघडायची कशी? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक वाट दाखविली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवायचे, असे गावाने ठरविले. या प्रयोगाचे मर्म नीट पाहावे. एकट्या घराने हा नियम केला असता, तर ‘शेजारी तर चालू आहे’ म्हणून मुलाने हट्ट धरला असता. गावाने एकत्र ठरविल्यामुळे प्रत्येक आईचे काम सोपे झाले. पूर्वी दिवेलागण हीच सर्वांची मर्यादा होती. आळीतल्या सगळ्याच मुलांना त्या वेळी घरी परतायचे असे, म्हणून कोणालाही ते जुलमाचे वाटत नसे.

शहरातील गृहसंकुलांनाही असे काही करता येईल. संध्याकाळचा एक तास आवारात गाडी फिरणार नाही, एवढे ठरविता येईल. ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ ही पाटी काढता येईल. दोन-तीन आजी-आजोबांनी त्या वेळी खाली बाकावर बसावे. खेळ शिकवायला नव्हे, नुसते असायला. भांडण झाले तर लगेच धावू नये. खरचटले तर हळद लावून पुन्हा पाठवावे. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पैसे देऊन कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयास सांगावे आणि उरलेल्या पैशांचा हिशेब त्यालाच विचारावा. आपल्या मजल्यावरील प्रत्येक मुलाचे नाव प्रत्येक घराला ठाऊक असावे. तसेच, कोणतेही मूल काही सांगू पाहत असेल, तर ते ऐकून घेणारा कान आता प्रत्येक घरात असावा. जुन्या आळीत तेवढे राहून गेले होते.

मुले बदललेली नाहीत. विजेचा पुरवठा तासभर खंडित झाला की याच मनोऱ्यांतली मुले जिन्यावर जमतात आणि कोणी न शिकविता लपंडाव सुरू होतो. सर्वांत धाकट्याला आजही कच्चा लिंबू केले जाते. वाट पाहिली जात आहे ती मोठ्यांची. त्यांनी पालक तर व्हावेच, पण त्याहून थोडे अधिक, पुन्हा एकमेकांचे शेजारीही व्हावे. या सुट्टीत खेळणाऱ्या मुलांचा चेंडू एखाद्या घराच्या काचेवर येईल. त्या घराचे दार उघडल्यावर मुलांना काय ऐकू येते, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.