जवारी आणि थरथर

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून या परिषदेला आलेल्या डायलिसिस टेक्निशियन व सिस्टर बंधुभगिनींनो,

कृष्णाकाठच्या मिरजनगरीत आपलं मनःपूर्वक स्वागत. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे रुग्णालय उभं केलं, आणि त्याआधीपासून इथले कारागीर तंबोरे घडवत होते. त्यामुळे आजारी माणूस आणि गवई, दोघंही मिरजेचं तिकीट काढत आले.

स्वागताध्यक्ष म्हणून सहसा एखादे आमदार किंवा कारखान्याचे चेअरमन उभे असतात. संयोजकांनी यंदा पेशंटलाच उभं केलं. नऊ वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मी मशीनवर असतो. माझ्या डाव्या मनगटावर फिस्टुला आहे. धमनी थेट शिरेला जोडायची ही युक्ती ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली न्यूयॉर्कहून जगापुढे मांडली. तेव्हापासून आमचा जीव या चार बोटं जागेवर आहे.

एक प्रसंग सांगतो. एका केंद्रात रक्त परत देताना सलाईनची बाटली संपली. लाइनमध्ये फेस दिसला, मशीन वाजलं, क्लॅम्प पडला, पंप थांबला. नवख्या मुलाचा हात सवयीने आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला. शेजारच्या बेडवरून सिस्टर ओरडल्या, "आधी चेंबर बघ!" त्या दिवशी मी वाचलो तो लाइनमधली हवा टिपणाऱ्या एका अल्ट्रासाउंडच्या डोळ्यामुळे आणि एका माणसाच्या डोळ्यामुळे.

हा फेस आत गेला असता तर हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकून रक्ताची वाट अडवू शकला असता. अशा वेळी काय करायचं, ते तुम्हाला पाठ आहे: लाइन बंद, पंप बंद, पेशंट डाव्या कुशीवर, डोकं खाली, ऑक्सिजन पूर्ण. पण मुळात ही हवा येते कुठून? पंपाच्या अलीकडे लाइन ओढीखाली असते. तिथला सैल जोड, कॅथेटरचं उघडं टोपण, रिकामी होत आलेली बाटली, हवा शिरते ती इथून. आणि कॅथेटर काढताना पेशंटला आडवं ठेवून जखम हवाबंद पट्टीने झाकली नाही, तर तिथूनही हवा शिरू शकते, आणि तिथे वाजायला मशीनही नसतं.

मशीनला सगळंच कळत नाही. सुई निसटली तरी व्हेनस प्रेशर अलार्म वाजण्याइतकं उतरेलच असं नाही. मिनिटाला तीनशे मिलिलिटर रक्त चादरीखाली सांडत राहतं आणि मशीन गप्प. म्हणून फिस्टुलाचा हात पांघरुणाबाहेर ठेवायचा. थंडी वाजली तरी.

आमच्या सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन या. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचं सूत केसभर सरकवतो, कान देतो, पुन्हा सरकवतो. जवारी, म्हणजे तारेचा तो भरीव गुंजारव, लागली की नाही, ते त्याला कान सांगतो. फिस्टुलाचंही तसंच. तो चांगला असला की बोटाखाली सलग थरथर लागते, स्टेथोस्कोपमध्ये खर्जातला अखंड सूर ऐकू येतो. शीर अरुंद झाली की सूर चढतो, तुटक होतो. पुढची वाट अडली की थरथरीच्या जागी नुसते ठोके लागतात. सुई टोचण्याआधीचं हे अर्धं मिनिट कुठल्याही यंत्राला देता येत नाही. तेवढा वेळ आम्हा पेशंटांना द्या, एवढंच मागणं मांडायला मी उभा आहे.

दोन दिवसांत आपली राहण्या-जेवणाची सोय नीट व्हावी म्हणून स्वागत समितीने कंबर कसली आहे. तरी काही उणं दिसलंच, तर संकोच करू नका, मशीनसारखे खुशाल वाजा. आवाज बंद करायचं बटण आम्ही ठेवलेलं नाही.