वहीपलीकडचा विद्यार्थी
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



चुल्लपंथक भिक्खूची कथा आपल्याला ठाऊक आहे. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून खुद्द थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला घरी जायला सांगितले. भगवान बुद्धांनी मात्र पाठांतर बाजूला ठेवले आणि त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन तो चोळत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, त्याला अनित्यता उमजली. त्याची अडचण पाठांतराची. आम्ही बोलणार आहोत ते लिखाणाच्या अडचणीविषयी. तिला लेखन-अक्षमता अथवा डिस्ग्राफिया म्हणतात.

असे मूल तोंडी विचारले तर इतिहासाचे उत्तर घडाघडा सांगते, वहीत मात्र दीड ओळ! फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मे राहते. पेन्सिल आवळून धरते, दोन ओळींत बोटे दुखतात. वेलांटी भलत्याच अक्षरावर, जोडाक्षर अर्धवट, शब्दांत अंतर नाही. एखाद्या दिवसाच्या गिचमिड अक्षरावरून निष्कर्ष काढू नये. पण शिकवूनही महिनोन्‌महिने हेच दिसले तर सावध व्हावे. (डोळे आधी तपासून घ्यावेत, हे सांगायला नकोच.)

आम्ही बँकेत सह्या पडताळणारी माणसे. सही जुळली नाही म्हणून खातेदाराला लबाड ठरवीत नाही, दुसरा पुरावा मागतो. शिक्षकांनीही तोंडी पुरावा मागावा. "दहा वेळा लिहून आण" ही शिक्षा तर प्रथम बंद करावी. ज्या घरात आई-बाप अंगठा करतात, तिथे गुरुजींनी उच्चारलेला "ढ" हाच अखेरचा निकाल ठरतो आणि मूल शाळेतून कामावर जाते. त्यापेक्षा रुंद रेघांची वही द्यावी, मित्राच्या वहीची झेरॉक्स द्यावी, मुद्द्यांत लिहिलेले उत्तर चालवून घ्यावे.

१९९५ च्या अपंग कायद्यात ही अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आली. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण प्रमाणपत्र लागते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. कायदा असूनही २०२१ साली डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला 'नीट' परीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही. ती मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अन्याय झाल्याचे मान्य केले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

म्हणून कागदपत्रांची धावपळ दहावीच्या जानेवारीत नको, पाचवी-सहावीतच व्हावी. रुग्णालयात जाताना ज्या पालकांना सोबत हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. आमच्यापैकी कोणीतरी रजा टाकून बरोबर येईल.

जय भीम!