दुपारचा एक तास आणि आजीची गाणी

आम्ही खडवलीच्या एका बचत गटातल्या बायका. गटात आम्ही बाराजणी आहोत. माइकसमोर दोघीच बसलोय, बाकीच्या घरी रेडिओ लावून ऐकताहेत, काही चुकलं तर संध्याकाळी आमची हजेरी घेणार आहेत. त्यामुळे बोलणाऱ्या दोघी असलो तरी बोलणं सगळ्यांचं आहे.

विषय असा आहे, की हाती मोकळा वेळ आला आणि हाती फोनही असला, तर त्या दोन्हींचं करायचं काय?

तुम्ही म्हणाल, मोकळा वेळ असतो कुणाला? खरं आहे. आपला वेळ सलग नसतोच. नळाला पाणी येईपर्यंतची दहा मिनिटं. कसारा लोकल चुकली की फलाटावरच्या बाकड्यावर पुढच्या गाडीपर्यंतचा वेळ. भांडी घासून झाल्यावर पोरं शाळेतून येईपर्यंतचा दुपारचा तास. आम्ही एकदा गटाच्या बैठकीत ही सगळी सुटी मोड मोजायला बसलो. बचतीचे पैसे मोजतो तशीच मोजली. बहुतेकींचा दिवसाचा दीड तास तरी निघाला. आणि तो दीड तास जात होता फोनवर बोट सरकवण्यात. एक व्हिडिओ संपला की दुसरा. उठताना विचारलं, "काय पाहिलंस गं?" तर एकीलाही धड सांगता येईना.

आमच्यातल्या एका काकू तेव्हा म्हणाल्या, "हे रिकामं जातं ओढल्यासारखं झालं. पीठ तर पडत नाहीच, वर दगड झिजतो."

काकूंचं हे बोलणं आमच्या मनात राहिलं. पण आम्ही लगेच शहाण्या झालो असं समजू नका. शहाणपण आलं ते एक गोष्ट हातची गेल्यावर. तीच आज सांगायची आहे.

आमच्या भागात आगरी आणि कुणबी लग्नांत धवले म्हणतात, हे इथल्या बहुतेकींना माहीत आहे. मांडवाला, हळदीला, प्रत्येक विधीला वेगळा धवला. तो म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्याशिवाय पूर्वी लग्नाचं पान हलत नव्हतं. आता हळदीला डीजे लागतो, आणि धवलारीण आलीच तर कोपऱ्यात बसून दोन ओळी म्हणते, त्या कुणाला ऐकू येत नाहीत.

शेजारच्या वाडीत अशा एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे, दात गेलेले, पण गळा शाबूत. एका वैशाखात दुपारच्या वेळी आम्ही चौघी त्यांच्याकडे गेलो. आजी पडवीत बसल्या होत्या. आधी नको नको म्हणाल्या, मग पाणी प्यायल्या आणि डोळे मिटून सुरू झाल्या. मांडवात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावण्याचा धवला होता. एकेकाचं नाव घेऊन आमंत्रण. आम्ही फोन समोर धरलेला. आजी म्हणताहेत, आम्ही माना डोलावतोय. धवला संपल्यावर बघतो तर रेकॉर्डिंग मघाशीच बंद पडलेलं. फोन भरला होता. कशानं? रोज सकाळी येणाऱ्या शुभ सकाळच्या फुलांनी आणि कुणी कुणी पाठवलेल्या व्हिडिओंनी. आजींचा आवाज फक्त तीन मिनिटांचा मिळाला.

आजी म्हणाल्या, "पावसानंतर या, पुन्हा सांगते." आम्ही हो म्हटलं. मग लावणी आली, गौरी-गणपती आले. आणि गणपतीनंतर थोड्याच दिवसांत आजी गेल्या.

आता त्यांची नातसून ती तीन मिनिटं अधूनमधून लावते. जिथे आवाज तुटतो, तिथून पुढचं तिलाही येत नाही आणि आम्हालाही. वाडीत कुणालाच येत नाही. आम्ही विचारून पाहिलंय.

त्यानंतर बरेच दिवस आम्हाला चुटपुट लागून राहिली. तेव्हा गटातल्या एका ताईंच्या मुलीने, ती कल्याणला कॉलेजात जाते, आम्हाला एक संकेतस्थळ दाखवलं. त्याचं नाव 'पारी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये ते सुरू केलं. खेड्यापाड्यातल्या माणसांच्या कामाच्या आणि जगण्याच्या गोष्टी तिथे आहेत, मराठीतही आहेत, आणि वाचायला पैसे पडत नाहीत. त्यातच आहेत जात्यावरच्या ओव्या.

त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुढे भारताचेच नागरिक झालेले गी पॉइटवाँ, या दोघांनी मावळ-मुळशीच्या डोंगराळ गावांतल्या गरीब बायकांबरोबर काम करता करता त्यांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. गावोगावी गिरण्या येत होत्या, जाती कोपऱ्यात पडत होती. जात्याबरोबर ओवीही जाणार हे त्यांनी ओळखलं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन ओव्या टिपल्या. बर्नार्ड बेल नावाच्या अभ्यासकांनी त्यातल्या पुष्कळ ओव्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या. गी पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, पुढे हेमाताईही गेल्या, पण काम मागे राहिलं, आणि २०१७ पासून त्या ओव्या 'पारी'वर येऊ लागल्या.

ओव्या जमवण्याचं काम त्याआधीही झालं होतं. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून गावोगावची गाणी छापून ठेवली. पण आपल्यासारख्या बाईला फोनच्या पडद्यावर ओवी वाचता वाचता ती गाणारीचा आवाजही ऐकू यावा, ही गोष्ट नवी.

आम्ही एका दुपारी पहिल्यांदा ऐकलं. फोन मध्ये ठेवला आणि गोल करून बसलो. सीतेच्या वनवासाच्या ओव्या होत्या, माहेरच्या होत्या, भावाच्या, विठ्ठलाच्या होत्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या होत्या. एक ओवी म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटाचं काम. म्हणजे आपल्या सुट्या वेळात मावणारी. आणि का मावू नये? ओवी मुळात जन्मलीच कामाच्या मधे. दळणाऱ्या बाईला तरी कुठे मोकळा वेळ होता?

पण आम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिथे प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गावाचं नाव आहे. शाळेत न गेलेल्या, शेतमजुरी करणाऱ्या बायका, आणि त्यांचं नाव असं लिहिलेलं. ते पाहून आमच्यातल्या एकीच्या सासूबाई, ज्या फोनकडे ढुंकूनही बघत नसत, त्या पुढे सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "ही चुकली. आमच्याकडं असं म्हणत नाहीत." आणि त्यांनी आपली म्हणून दाखवली. एवढी वर्षं एका घरात राहून सुनेला माहीत नव्हतं, की सासूबाईंना ओव्या येतात. विचारलंच नव्हतं कधी.

त्या दिवसापासून आमची दुपार बदलली. रोज नाही, आठवड्यातून दोनदा बसतो. थोडं ऐकतो आणि थोडं आपल्याकडचं साठवतो. आजवर सहाजणींची गाणी टिपून झाली. करता करता जे शिकलो, ते तुम्हालाही सांगतो.

पहिलं, फोन रिकामा करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' असतं. तिथे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करता येतं. ही एक गोष्ट आम्ही आधी केली असती, तर आजींचा धवला पुरा मिळाला असता.

दुसरं, रेकॉर्डिंगच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कुणाचा तरी फोन येतो. पंखा आणि टीव्ही बंद करा. फोन हातात धरू नका, आजींच्या जवळ पाटावर घडी घातलेल्या कापडावर ठेवा. व्हिडिओचा हट्ट नको. नुसत्या आवाजाला जागा कमी लागते, आणि कॅमेरा नसला की म्हातारी माणसं मोकळी होतात.

तिसरं, सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि हे गाणं कधी म्हणतात ते बोलून घ्या. पाच वर्षांनी ते कुणालाच आठवणार नाही.

चौथं, विचारून करा. आमच्या एका आजींनी हळदीतली थट्टेची गाणी म्हटली, खूप हसवलं आणि मग म्हणाल्या, "हे मात्र बाहेर जाऊ द्यायचं नाही." ते गेलं नाही. ठेवलंय, पण कुणाला पाठवलं नाही. गाणं त्यांचं आहे, त्यांचा शब्द शेवटचा.

पाचवं, एका फोनवर भरवसा ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, हरवतो. त्याच दिवशी दुसऱ्या मैत्रिणीच्या फोनवर एक प्रत टाका आणि शब्द वहीत उतरवून काढा. फोनला बोलून मराठी लिहिता येतं, पण तो आपली बोली पुस्तकी करून टाकतो. आजी जसं म्हणाल्या तसंच ठेवायचं, म्हणून वही बरी.

वहीत उतरवताना शब्द अडतात. एक आजी म्हणाल्या, "मूठभर दाणे वैर." आमच्या मुलींना वैरण म्हणजे गुरांचा चारा एवढंच ठाऊक. मग ताईंच्या मुलीने शोधलं. मोल्सवर्थ साहेबांचा जुना मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. वैरणे म्हणजे जात्यात दाणे किंवा आधणात तांदूळ घालणे. आजींना तो शब्द कोशात आहे हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग? मी काय खोटं सांगते?" असंच वाईचा मराठी विश्वकोश, ज्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, त्याचे २० खंडही फोनवर वाचता येतात. पोरांनी काही विचारलं की आता आम्ही "बाबांना विचार" म्हणत नाही. मिळून बघतो.

आता खरं तेही सांगू. आम्ही रील्स बघायचं सोडलं का? नाही. रात्री मालिका बघतो, पावसाळ्यात वड्यांची नवी कृती शोधतो, आणि कधी कधी नुसतंच बोट सरकवत बसतो. दमलेल्या जीवाला तेही लागतं, त्यात पाप नाही. पण आठवड्यातले दोन तास आम्ही बाजूला काढले आहेत, जशी महिन्याची बचत आधी बाजूला काढतो तशी. उरेल त्यातून करू म्हटलं की काही उरत नाही, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

घरची माणसं म्हणतात, "काय फोन घेऊन बसता?" आमच्याही घरी म्हणायचे. एकदा त्यांना घरातल्याच म्हातारीचा आवाज ऐकवला, तेव्हा गप्प झाले. एकीच्या यजमानांनी तर स्वतःहून मेमरी कार्ड आणून दिलं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात, शेजारी, वाडीत कुणी तरी आहे, जिला काहीतरी येतं. धवला येतो, ओवी येते, पाळणा येतो. गाणं नसेल तर औषधी पाल्याची ओळख असेल, भाताच्या जुन्या वाणांची नावं असतील. आज दुपारी भांडी झाली की तिच्याकडे जा. फोन आधी रिकामा करून जा.

आणि ती "पावसानंतर या" म्हणाली, तरी आजच थोडा वेळ बसा.