दूरदेशीच्या पैशाने बांधलेले पूल



चालण्याच्या सुट्टीवर बोला, असं मंडळाने कळवलं तेव्हा ठिकाण शोधावं लागलं नाही. ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यात, अल्बेनियाच्या सीमेजवळ, पिंडस डोंगररांगेत झागोरी नावाचा मुलूख आहे. तिथे समुद्र नाही, पांढरीशुभ्र घरं नाहीत. ४६ गावं आहेत, सगळी करड्या दगडाची, छपरंसुद्धा दगडी फरश्यांची. आणि त्यांच्यामधून चुनखडीचा डोंगर चिरत गेलेली विकोसची घळई. एका ठिकाणी ती ९०० मीटर खोल आहे, तर वरच्या दोन काठांमधलं अंतर जेमतेम ११०० मीटर.

निसर्गासाठी लोक तिकडे जातात आणि जावंच. पण परदेशात संसार थाटलेल्या माणसांसमोर मला आधी वेगळी गोष्ट सांगायची आहे. हा मुलूख गाव सोडून गेलेल्यांनी उभा केला.

पंधराव्या शतकात इथे तुर्की सत्ता आली, तेव्हा झागोरीच्या गावांनी ती मान्य करून बदल्यात आपला कारभार आपल्याकडे ठेवला. १८६८ पर्यंत ही मोकळीक टिकली. जमीन मात्र हलकी आणि उताराची. धान्य पुरेना, म्हणून पुरुष व्यापाराला बाहेर पडले ते थेट कॉन्स्टँटिनोपल, बुखारेस्ट, ओडेसा, इजिप्तपर्यंत. वर्षानुवर्षं परत येत नसत. मागे बायका शेत, शेरडं आणि म्हातारी माणसं सांभाळत. त्या विरहाची गाणी तिकडे अजून म्हणतात, आणि ती ऐकताना मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घरधन्याची वाट पाहणारं आपलं कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. गिरणगावातल्या खोल्यांमधून वर्गणी निघायची आणि गावच्या देवळाला, शाळेला, साकवाला लागायची. झागोरीतही तेच झालं. शाळा, चर्च, पाणवठे आणि पूल दूरदेशीच्या पैशावर उभे राहिले. मोनोदेंद्री गावच्या रिझारिस बंधूंनी रशियात व्यापार केला. त्यांच्या देणगीतून अथेन्समध्ये १८४४ साली सुरू झालेली धर्मशिक्षणाची शाळा आजही चालू आहे.

आता पूल. किपी गावच्या परिसरात ते एकापाठोपाठ एक भेटतात. कोक्कोरू पूल १७५० सालचा. दोन उभ्या कड्यांमध्ये एकच कमान टाकलेली, खाली ओढा. पैसा व्रादेतो गावच्या नुत्सोस यांचा, म्हणून तो आधी नुत्सोसचा पूल. पुढे कुकुली गावच्या कोक्कोरोस नावाच्या गिरणीवाल्याने डागडुजी केली आणि त्याचं नाव रूढ झालं. जवळच तीन कमानींचा पूल आहे, लाटेसारखा खालीवर होत जाणारा, १८१४ सालचा. तो एका मठाधिपतीने बांधून घेतला. नंतर प्लाकिदास घराण्याने दुरुस्त केला आणि आज तो बऱ्याच जणांच्या तोंडी प्लाकिदासचा पूल आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे पाटी लागते ती बांधणाऱ्याची. तिथे सांभाळणाऱ्याचं नाव पुढच्या पिढ्यांच्या तोंडी राहिलं. गावाकडे पैसे पाठवताना आपण नव्या इमारतीला चटकन हात सैल सोडतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला, कौलं परतायला कोणी वर्गणी मागितली तर तोच हात का आखडतो, याचा आपण विचार करावा.

सांभाळलं नाही तर काय होतं, तेही त्या भागाने पाहिलं आहे. झागोरीच्या दक्षिणेला, त्झुमेर्का भागात, १८६६ साली बांधलेला प्लाका पूल होता. एका कमानीचा, अजस्र. फेब्रुवारी २०१५ च्या पुरात तो कोसळला. नदीत पडलेले दगड बाहेर काढून तपासले गेले, जुन्या मापांबरहुकूम तो पुन्हा उभारला. त्यासाठी केवढं ज्ञान आणि केवढा खर्च लागला असेल!

गावांना जोडणाऱ्या दगडी वाटांना तिकडे काल्देरिमी म्हणतात. कोकणातली पाखाडी ज्यांनी तुडवली आहे त्यांच्या पायांना ती लगेच ओळखीची वाटेल. खेचराचं पाऊल घसरू नये म्हणून ठरावीक अंतरावर उभा दगड रोवलेला असतो. सगळ्यात थक्क करणारी म्हणजे व्रादेतोची पायवाट. सरळ कड्यावर नागमोडी चढवलेल्या हजाराहून अधिक पायऱ्या. १९७० च्या दशकात मोटाररस्ता आला, तोवर त्या उंच गावाला जायची वाट हीच. मीठ, पीठ, नवरी, आजारी माणूस, सगळं याच पायऱ्यांनी गेलं आणि आलं.

इथे वाटाड्याचा मुद्दा येतो. खुणा रंगवलेल्या आहेत, नकाशे मिळतात, मग माणूस कशाला, असं कोणी विचारेल. माझं ठाम मत आहे की पहिल्या खेपेला तरी स्थानिक वाटाड्या घ्यावा. आमच्यासोबत तिथलाच एक पन्नाशीचा माणूस होता. कुठल्या पाणवठ्याला ऑगस्टमध्येही पाणी असतं, कुठल्या उतारावर पावसानंतर जाऊ नये, हे त्याला पाठ. मेंढ्यांच्या कळपाचे कुत्रे भुंकत अंगावर आले तेव्हा त्याने आम्हाला जागेवर थांबवलं, धनगराला शीळ घातली आणि मालकाचा आवाज येईपर्यंत कोणालाही हलू दिलं नाही. तिथले राखणीचे कुत्रे लांडग्या-अस्वलांशी भिडणारे असतात. पळणाऱ्याची खैर नाही. एका पडक्या घरापाशी तो थांबला. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इथली गावं जाळली, त्याबद्दल घरच्यांकडून ऐकलेलं त्याने सांगितलं. त्याआधी १९४० च्या अखेरीस इटालियन फौजा चालून आल्या तेव्हा झागोरीच्या बायकांनी पाठीवर दारूगोळा वाहून डोंगरावरच्या सैनिकांना पोचवला. त्यांचं स्मारक रस्त्याकडेला आहे.

घळईतली चाल मोनोदेंद्रीहून सुरू होते. निघण्यापूर्वी काठावरचा आयिया पारास्केवीचा मठ पाहा, १४१२ सालचा. त्याच्या बाजूने कड्यात कोरलेली अरुंद वाट पुढे जाते. मग तासाभराचा उतार. तळाशी उन्हाळ्यात नदीच नसते, नुसते पांढरे गुळगुळीत धोंडे. पात्र कोरडं आणि दोन्ही बाजूंना मेपल, बीच, रानटी चेस्टनटची गर्द सावली. वाटेत एक झरा लागतो, तिथे बाटल्या भरून घ्यायच्या. तासन्तास चालल्यावर विकोस गावाच्या खाली डोंगराच्या पायथ्यातून अचानक व्होइदोमातिस नदी बाहेर पडते. वरचं पाणी चुनखडीत मुरून इथे फुटतं. रंग काचेच्या बाटलीसारखा हिरवा, आणि गारठा असा की पाय मिनिटभर ठेववत नाही. तिथून वर पापिंगोची दोन गावं, माथ्यावर आस्त्राकाचे सुळके. आणखी दम असेल तर दुसऱ्या दिवशी सुमारे २०५० मीटरवरच्या द्राकोलिम्नी तळ्यापर्यंत जा. समोरच्या डोंगरावरच्या तळ्यातला आणि या तळ्यातला असे दोन ड्रॅगन एकमेकांवर दगड आणि झाडं फेकत, अशी कथा आहे. तळ्यात दिसतात ते बोटभर लांबीचे, केशरी पोटाचे, सरड्यासारखे दिसणारे न्यूट. मुलांना हे दाखवाच.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. रानभाज्या भरलेले भाजके ‘पाय’ (pie), पीठ-चीजचा पातळ ‘पाय’, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, डाळिंबीच्या उसळीइतकेच पोटभरीचे. गावच्या चौकातल्या चिनार वृक्षाखाली बसून खायचं.

२०२३ साली युनेस्कोने झागोरीला जागतिक वारसा म्हटलं. पण रस्ते आले, तरुण शहरात गेले, तसं काही वाटांवर झुडपं चढली. लोक चालत राहतात त्या वाटा साफ राहतात. म्हणून तिथे जाल तर मुक्काम गावातल्याच घरगुती अतिथीगृहात करा, जेवणही तिथेच घ्या, वाटाड्याला पूर्ण दिवसाची मजुरी द्या.

मे-जून किंवा सप्टेंबर निवडा. त्याआधी, वसंतात बर्फ वितळताना, घळईत पाणी चढतं. घोटा धरून ठेवणारे बूट आणि दोन काठ्या हव्यात. सामान गाडीने पुढच्या गावी जातं, पाठीवर फक्त पाणी आणि डबा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी घळई सोडून किपीचे पूल आणि व्रादेतोच्या पायऱ्या कराव्यात, आणि पायऱ्या खालून वर चढाव्यात. वर गाडी बोलावून ठेवता येते.