गावाचे आरोग्य ग्रामसभेत घडते

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



एकाच पिशवीतले बियाणे काळ्या कसदार जमिनीत पेरले आणि मुरमाड माळावरही पेरले, तर उतारा सारखा येत नाही. त्याबद्दल आपण बियाण्याला दोष देत नाही. जमिनीची खोली, ओल आणि खत पाहतो. माणसाच्या आरोग्याचेही तसेच आहे. एकाच गावात बागायतदाराचे मूल आणि भूमिहीन मजुराचे मूल एकाच महिन्यात जन्मते. वर्षभराने त्यांची वजने सारखी नसतात. हा फरक पाणी, आहार, मजुरी, घर, शिक्षण आणि समाजातील स्थान यांतून पडतो. दवाखाना हवाच, पण आजार पडल्यानंतर. आजार कोणाच्या घरात वारंवार शिरतो, हे आधीच ठरलेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर एक आयोग नेमला होता. त्याच्या २००८ च्या अहवालात तीन शिफारशी आहेत : लोकांच्या रोजच्या जगण्याची परिस्थिती सुधारा, सत्ता, पैसा आणि साधने यांची विषम वाटणी कमी करा, आणि फरक किती आहे तो मोजत राहा. आपल्या महाराष्ट्राने यातील काही गोष्टी फार पूर्वी करून दाखविल्या आहेत.

जामखेडचा अनुभव

तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले. त्यांच्या लवकरच लक्षात आले, की बरे होऊन घरी गेलेले मूल पुन्हा त्याच पाण्याने आणि त्याच उपासमारीने आजारी पडते. म्हणून त्यांनी गावोगावी शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी केली. पिण्याचे पाणी, मुलांचा आहार, झाडे लावणे, मृद्‌संधारण ही कामे आरोग्याच्या कामातच धरली.

पाण्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दलितांना गावच्या विहिरीवर मज्जाव असे. नवे हातपंप दलित वस्तीत बसविण्यावर भर दिला गेला. पाणी हवे असेल तर इतरांनाही तेथेच यावे लागे. एका हातपंपाने रोगराईला आळा बसला आणि शिवाशिवीलाही धक्का बसला.

आरोग्य सेविका म्हणून गावातीलच बायका निवडल्या. त्यांत अल्पशिक्षित आणि दलित भगिनी पुष्कळ होत्या. या कार्यक्षेत्रात १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये हे प्रमाण ५२ पर्यंत खाली आले. पुढे २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ नेमल्या. गावातील स्त्रीच गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे जामखेडने त्याआधी तीन दशके दाखवून दिले होते.

मजुरी हेही औषधच

दुसरे उदाहरण शासकीय धोरणाचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल कळले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला गेला. म्हणजे शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातल्या चुली पेटल्या. कामाच्या मापावर मजुरी असल्याने स्त्री-पुरुष दर एकच होता. दुष्काळात हाताला काम असले, की घरातली शेळी आणि भांडी विकावी लागत नाहीत आणि मुलांच्या ताटात भाकरी राहते.

उसाच्या फडातला प्रश्न

आता आपल्यातील ऊस बागायतदारांनी विशेष लक्ष द्यावे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

यामागचे कारण केवळ शरीरात शोधून सापडणार नाही. जोडपे मुकादमाकडून उचल घेते. एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. फडाजवळ शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाणी दूरवर. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहाव्या लागतात. अशा वेळी दुखणे कायमचे संपविण्याचा सल्ला पटतो, आणि तिशीतल्या बाईची हाडे व कंबर पुढे आयुष्यभर त्याची किंमत मोजतात. उचलीचा व्यवहार आणि फडावरच्या सोयी बदलल्याखेरीज हा आजार हटणार नाही.

आपण काय करावे?

१. अंगणवाडीत मुलांची वजने घेतली जातात. कमी वजनाची मुले कोणत्या वस्तीतली आहेत, हे मुलांची नावे न घेता ग्रामसभेत विचारावे.

२. नळयोजनेचे पाणी शेवटच्या वस्तीला किती वेळ मिळते, ते पाहावे. नवी टाकी किंवा शौचालये मंजूर झाली, तर सुरुवात त्याच वस्तीपासून करावी.

३. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत भूमिहीन आणि महिला सदस्य नावापुरते नसावेत. बैठक त्यांच्या कामाची वेळ टाळून घ्यावी.

४. निंदणी, खुरपणीला सारख्या कामाची सारखी मजुरी द्यावी. फवारणी करणाऱ्या मजुरास हातमोजे, तोंडाला मुखपट्टी आणि हातपाय धुण्यास साबण-पाणी द्यावे.

५. आपल्या फडात टोळी उतरली, की पिण्याचे पाणी व आडोशाची सोय करावी. टोळीतील मुलांची आणि गरोदर बायकांची नावे आशाताईंना कळवावीत. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद म्हणून फिरत्या शौचालयांचा आणि खाड्याच्या दंडाचा प्रश्न मांडावा.

यांतील पुष्कळ गोष्टींना मोठा निधी लागत नाही. निर्णय लागतो, आणि गावातले निर्णय बहुतेक वेळा आपल्यासारखे जमीनधारकच घेतात. म्हणूनच हा विषय मी आपल्यापुढे ठेवला. येत्या ग्रामसभेत यांपैकी एक तरी मुद्दा जरूर मांडावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.