पक्षिगणना आणि जागेची निवड



गावात पक्षी किती, असा प्रश्न वर्गात विचारला की मुले तडक मामा तलावाच्या पाळीवर धावतात. तेथे बगळे, टिबुकल्या, अडई सहज दिसतात आणि वही भरते. परंतु तलावावरचे पक्षी म्हणजे साऱ्या गावाचे पक्षी नव्हेत. पडीक जमीन, बांबूचे रान, सागाचे बन यांना त्या वहीत स्थानच नसते.

या दोषाचे गांभीर्य गिधाडांच्या उदाहरणावरून कळते. एके काळी गिधाडे इतकी विपुल होती की ती मोजावीत असे सहसा कोणास वाटत नसे. सुदैवाने १९९० ते १९९३ या काळात देशातील काही रस्त्यांवरून शिकारी पक्ष्यांची मोजणी झाली होती. २००० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश व त्यांचे सहकारी पुन्हा त्याच मार्गांनी गेले, तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत नव्वद टक्क्यांहून अधिक घट आढळली. रस्त्यावरच्या मोजणीतही दोष असतोच, कारण रस्ता रानाच्या गाभ्यातून क्वचितच जातो. पण दोन्ही वेळी मार्ग तोच असल्याने दोषही बहुतांशी तोच राहिला आणि तुलना विश्वसनीय ठरली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध या ऱ्हासाचे कारण ठरले व जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली.

गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याच्या जागा केल्या. तेथे एका सकाळी पन्नास गिधाडे उतरली, तर ती त्याच गावची समजू नयेत. गिधाड अन्नासाठी कित्येक कोस उडते, आणि आज येथे मोजलेले उद्या दुसऱ्या जागी पुन्हा मोजले जाते. बेरीज वाढते, पक्षी वाढत नाही. म्हणून सर्व जागी एकाच दिवशी, एकाच वेळी मोजणे बरे; उंच झाडांवरची घरटी मोजणे त्याहून बरे, कारण घरटे जागा बदलत नाही.

शाळेने शिवाराच्या नकाशावर समान चौकोन आखावेत, त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून दहा चौकोन निवडावेत. निवड शिक्षकांच्या आवडीवर सोडू नये. चांगला पक्षीप्रेमी येथे सर्वांत आधी चुकतो. वाघाचा वावर असलेले चौकोन चिठ्ठ्या टाकण्यापूर्वीच वगळावेत आणि निष्कर्ष उरलेल्या शिवारापुरताच आहे, अशी नोंद करावी. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी दहा मिनिटे उभे राहून तीस पावलांच्या आतलेच पक्षी मोजावेत. मोकळ्या शेतात लांबवरचे दिसते, बांबूत दिसत नाही; अंतराची मर्यादा नसेल तर शेतात पक्षी फार आणि रानात थोडे, असा खोटा निष्कर्ष निघेल.

काहीच दिसले नाही, तर रकान्यात शून्य लिहावे. मुले तो रकाना कोरा सोडू पाहतात. कोरा रकाना आणि शून्य यांतला भेद गणिताच्या तासालाही समजावून देता येईल.